नागीण, चामखीळ की आणखी काही? जननेंद्रियावरचे दोन विषाणू ओळखताना

संध्याकाळच्या ओपीडीत काही पेशंट मुद्दाम शेवटी थांबतात. नंबर आला तरी मागच्याला पुढे सोडतात. कंपाउंडर आवराआवर करायला लागला की आत येतात, सर्दी किंवा ॲसिडिटीपासून सुरुवात करतात आणि दोन मिनिटांनी खरं बोलतात: "डॉक्टर, खाली काहीतरी आलंय. उष्णतेचं असेल ना?"

बहुतेक वेळा ते उष्णतेचं नसतं. कल्याणमध्ये इतकी वर्षं प्रॅक्टिस करताना या "खाली काहीतरी"मागे मला दोन विषाणू पुन्हा पुन्हा सापडले आहेत. एक हर्पिस सिम्प्लेक्स आणि दुसरा एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. दोन्ही शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतात आणि दोन्ही जननेंद्रियाच्या आसपास दिसतात. साम्य इथेच संपतं. एकात फोड येतात, ते फुटून जखमा होतात आणि दुखतात. दुसऱ्यात मांसाची बारीक वाढ होते, ती चामखिळीसारखी दिसते आणि सहसा दुखत नाही.

ही गल्लत किती महागात पडते याचं एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्नाला दीड वर्ष झालेला एक तरुण कामासाठी तीन महिने बाहेरगावी होता. परत आल्यावर दहाव्या दिवशी त्याला शिश्नाच्या मुळाशी चार-पाच पुटकुळ्या दिसल्या. मोबाइलवर शोधून त्याने हर्पिस हे नाव नक्की केलं. हर्पिस संसर्गानंतर दोन ते बारा दिवसांत दिसतो, असंही त्याने वाचलं. मग त्याने दिवस मोजले आणि बायकोला माहेरी पाठवून दिलं. माझ्याकडे तो औषध मागायला आला होता, निदान विचारायला नाही. त्याचं पुढे काय झालं ते खाली येईलच. आधी ओळख करून घेऊ.

हर्पिस कसा असतो

फोड येण्याआधी एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं किंवा आग होते. मग लालसर त्वचेवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. हे फोड फार टिकत नाहीत. ते फुटतात आणि उथळ, झोंबणाऱ्या जखमा उरतात. त्यामुळे डॉक्टरकडे येईपर्यंत अनेकदा फोड दिसतच नाहीत, फक्त ओरखडल्यासारख्या जखमा दिसतात. काही दिवसांनी त्यावर खपली धरते आणि डाग न राहता त्या बऱ्या होतात.

पहिला झटका सगळ्यात त्रासाचा असतो. ताप, अंगदुखी, जांघेत अवधाण आणि लघवीला जाताना डोळ्यांत पाणी आणणारी आग असं सगळं एकत्र येऊ शकतं. पूर्ण बरं व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. बायकांमध्ये जखमा योनीमुखाच्या आतल्या बाजूला असल्या तर त्या दिसत नाहीत, जळजळ मात्र जाणवते. मग "उन्हाळी लागली" म्हणून धण्याचं पाणी आणि लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या सुरू होतात. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आहे, तरी लघवी त्वचेला लागली की झोंबतं, असं असेल तर डॉक्टरांना आतून तपासायला सांगा. संकोच कळतो, पण न तपासता निदान होत नाही.

हर्पिसचा स्वभाव म्हणजे तो परत येतो. फोड बरे झाले तरी विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो गुपचूप राहतो. ताप, जागरण, ताण, मासिक पाळी असं काही निमित्त झालं की त्याच तंतूवरून खाली येऊन साधारण त्याच भागात पुन्हा उठतो. पुढचे झटके पहिल्यापेक्षा सौम्य आणि छोटे असतात, आणि वर्षं जातात तशी त्यांची संख्याही सहसा कमी होते. "त्याच जागी, दर काही महिन्यांनी, चार-पाच दिवस" असं पेशंट म्हणाला की माझ्या मनात हर्पिसचं नाव वर येतं.

हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार प्रामुख्याने तोंडाचा. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात हा पहिला प्रकार आहे आणि बहुतेकांना तो लहानपणीच मिळालेला असतो, शरीरसंबंधाचा त्यात काही भाग नसतो. मात्र मुखमैथुनातून हा प्रकार जननेंद्रियावर उतरू शकतो. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो आणि जननेंद्रियावर तोच जास्त वेळा उलटतो.

नागीण म्हणजे हा हर्पिस नव्हे

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. लॅबच्या रिपोर्टवर किंवा चिठ्ठीवर "हर्पिस" हा शब्द दिसला की घरातलं कोणीतरी म्हणतं, "अरे, ही तर नागीण." उलटही होतं. सत्तरीच्या आजोबांना कमरेवर नागीण उठते, नातू इंटरनेटवर हर्पिस शोधतो आणि तिथे लैंगिक आजाराची माहिती वाचून हादरतो.

नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तिचा विषाणू कांजिण्यांचा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो मज्जातंतूत झोपून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर जागा होतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात आणि वेदना भयंकर असते. शरीरसंबंधाशी तिचा काहीही संबंध नाही. (दोन्ही तोंडं जुळली की माणूस मरतो, हीही समजूतच आहे.) कधीकधी नागीण नितंबावर आणि जननेंद्रियाच्या एका बाजूलाही येते, तेव्हा मात्र डॉक्टरचीही परीक्षा होते. फोड मध्यरेषा ओलांडत नाहीत आणि पुन्हा पुन्हा येत नाहीत, हे त्यावेळी उपयोगी पडतं.

चामखीळ कशी असते

एचपीव्हीचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. हातापायाच्या चामखिळींचे वेगळे, जननेंद्रियावरचे वेगळे. खालच्या भागातल्या सुमारे ९० टक्के चामखिळी ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे होतात. सुरुवातीला त्या राईच्या दाण्याएवढ्या, त्वचेच्याच रंगाच्या किंवा किंचित तपकिरी असतात. हात लावला तर खरखरीत लागतात. वाढल्या की फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा किंवा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा आकार येतो. पुरुषांत शिश्नावर, पुढच्या त्वचेच्या आत, अंडकोषाच्या पिशवीवर, बायकांत योनीमुखाभोवती, आणि दोघांतही गुदद्वाराभोवती येतात. त्या दुखत नाहीत. कधी खाज येते, कधी कपड्याला घासून थोडं रक्त येतं. ताप नाही, अवधाण नाही.

वेळेचं गणितही वेगळं आहे. हर्पिसचे फोड दोन-तीन आठवड्यांत येतात आणि जातात. चामखीळ आठवडेच्या आठवडे तिथेच असते आणि हळूहळू वाढते किंवा तिला शेजारी मिळतात. त्यामुळे पेशंटला मी पहिला प्रश्न "काय दिसतंय" असा विचारत नाही, "कधीपासून आहे" असा विचारतो. चार दिवसांपूर्वी काहीच नव्हतं आणि आज आग होतेय, तर हर्पिसकडे कल. तीन महिन्यांपासून आहे, दुखत नाही, आता मोठं वाटलं म्हणून आलो, तर चामखिळीकडे.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एकाने "मूळव्याधीचे कोंब बाहेर आलेत" असं सांगितलं आणि गर्दी होती म्हणून मी न तपासता मलम आणि इसबगोल लिहून दिलं. दीड महिन्याने तो परत आला तेव्हा तपासलं. गुदद्वाराभोवती चामखिळींचा घोस झाला होता. पहिल्या दिवशी दोन मिनिटं खर्च केली असती तर त्या चार-पाचच असत्या. मूळव्याध म्हणून मलम लावताय आणि कोंब खरखरीत, कोरडे, एकापेक्षा जास्त आहेत, तर कोणाला तरी तो भाग दाखवा.

दोन्ही नसलेल्या गोष्टी

लोक घाबरून येतात आणि निघतं तिसरंच. शिश्नमुंडाच्या कडेला एका रांगेत, एकसारखे, मोत्यासारखे बारीक दाणे असतात. तो शरीराच्या घडणीचा भाग आहे, आजार नाही, उपचार नको. दाढीच्या ब्लेडने केस काढल्यावर येतं ते केसतूड: एकेका केसाच्या मुळाशी पू असलेली पुळी. मध्ये खळगा असलेले गुळगुळीत, मोत्यासारखे दाणे म्हणजे मोलस्कम. तोही विषाणूच, मोठ्यांत शरीरसंबंधातूनही पसरतो, पण वेगळा.

दोन गोष्टी मात्र हर्पिसची हुबेहूब नक्कल करतात आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पहिली, औषधाची ॲलर्जी. जुलाबासाठी मेडिकलमधून घेतलेली टिनिडॅझोल असलेली गोळी, एखादी वेदनाशामक किंवा सल्फाची गोळी खाल्ली की काहींना काही तासांत शिश्नमुंडावर लाल चट्टा येतो, त्यावर फोड येतो, नंतर काळसर डाग राहतो. पुन्हा तीच गोळी, पुन्हा तीच जागा. "त्याच जागी परत परत" हे हर्पिसचं लक्षण मी वर सांगितलं, म्हणूनच इथे फसगत होते. प्रत्येक वेळी आधी कोणती गोळी घेतली होती ते आठवा. दुसरी, मधुमेहातली बुरशी. साखर वाढलेली असेल, किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल, तर पुढच्या त्वचेला चिरा पडतात, लाली येते, झोंबतं. अशा एखाद्या काकांना हर्पिस म्हणून घाबरवण्याआधी साखर तपासावी.

आणि एक गोष्ट जी चुकवून चालत नाही ती म्हणजे सिफिलिस. एकच, कडक काठाची, न दुखणारी जखम असेल तर "दुखत नाही म्हणजे काही नाही" असं समजू नका. ती जखम आपोआप भरते आणि आजार आत पुढे सरकत राहतो. सिफिलिसच्या पुढच्या टप्प्यात चपट्या, ओलसर गाठी येतात, त्या चामखिळीसारख्या दिसतात. म्हणून खाली कुठलीही जखम किंवा गाठ असली तरी सिफिलिसची रक्ततपासणी आणि एचआयव्हीची तपासणी मी सुचवतोच. त्यात चारित्र्यावर शंका नसते. दुसऱ्या प्रकारचा हर्पिस असणाऱ्यांना एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो आणि सिफिलिस पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो, एवढी दोन कारणं पुरेशी आहेत.

कोणती तपासणी कामाची

हर्पिसची खात्री ताज्या फोडातून किंवा जखमेतून घेतलेल्या नमुन्याच्या पीसीआर तपासणीने होते. जखम सुकली की नमुना मिळत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत या. रक्तातली आयजीएम तपासणी मात्र लॅबच्या पॅकेजमध्ये सर्रास असते आणि ती भरवशाची नाही. "आयजीएम पॉझिटिव्ह" या दोन शब्दांनी मी लग्नं ठरता ठरता मोडलेली पाहिली आहेत, अंगावर एकही फोड नसताना. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, बस. ती कधी, कुठे, कोणामुळे, हे तो रिपोर्ट सांगत नाही.

चामखिळीचं निदान डोळ्यांनी होतं. त्यासाठी रक्ततपासणी नाही. रंग बदलला, रक्त येतं, फार कडक आहे किंवा उपचाराला दाद देत नाही, तर तुकडा काढून तपासतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून निदान मागू नका. फोटोत खरखरीतपणा कळत नाही, मुळाशी लाली आहे की नाही कळत नाही, आणि तो फोटो कुठे कुठे फिरेल तेही कळत नाही.

कधी झालं, कोणाकडून झालं?

आता त्या तरुणाकडे. तपासलं तेव्हा फोड नव्हते, जखमा नव्हत्या. खरखरीत, कोरड्या, न दुखणाऱ्या पाच चामखिळी होत्या. म्हणजे ज्या आजाराचे दिवस त्याने मोजले होते तो आजारच त्याला नव्हता. चामखीळ दिसायला संसर्गानंतर सहसा काही आठवडे ते काही महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. दहा दिवसांचं गणित इथे लागूच होत नाही. लग्नाआधी त्याचे संबंध होते का, असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग हो म्हणाला.

हर्पिस असता तरी ते गणित पक्कं नव्हतं. नव्या संसर्गाचे फोड दोन ते बारा दिवसांत दिसू शकतात हे खरं, पण अनेकांना संसर्गाच्या वेळी काहीच दिसत नाही आणि पहिला लक्षात येणारा झटका वर्षांनंतर येतो. जोडीदाराच्या त्वचेवर काहीही दिसत नसतानाही विषाणू बाहेर पडत असतो, म्हणून देणाऱ्यालाही आपण दिला हे माहीत नसतं. त्वचेवरच्या फोडाला तारीख छापलेली नसते. भांडणात पुरावा म्हणून डॉक्टरची चिठ्ठी मागायला येणाऱ्यांना मी हेच सांगतो आणि चिठ्ठी देत नाही.

तो बायकोला आणायला गेला. दोघं मिळून तपासणीला आली तेव्हा ती माझ्याशी बोलली, त्याच्याशी नाही. त्या दिवशी मला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही.

उपचार वेगळे, औषधं अदलाबदल करू नका

हर्पिसवर असायक्लोव्हिर किंवा त्याच गटातली गोळी असते, पहिल्या झटक्यात साधारण ७ ते १० दिवस. जितक्या लवकर सुरू कराल, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत, तितका फायदा. गोळी विषाणू उखडत नाही, झटका छोटा करते. वर्षात अनेकदा उलटत असेल तर रोजची कमी मात्रेची गोळी डॉक्टर काही महिने देतात. नुसतं असायक्लोव्हिरचं मलम जननेंद्रियावर फारसं उपयोगी नाही.

चामखिळीवर असायक्लोव्हिरचा काही उपयोग नाही. ती गोठवून, विजेने जाळून किंवा ॲसिड लावून काढतात, काही क्रीम घरी लावण्याचीही असतात. काही चामखिळी आपोआप जातात. काढल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा येण्याचं प्रमाण बरंच आहे, तेव्हा परत आली म्हणजे डॉक्टरने फसवलं असं नाही. कुरूपाचं औषध पायासाठी असतं. ते खाली लावून त्वचा भाजून घेतलेले लोक येतात. हर्पिस चामखीळ समजून त्यावर ते लावलं तर काय होईल हे सांगायला नको. आणि मेडिकलमधली स्टिरॉइड, बुरशीचं औषध व अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं या दोन्हींवर लावू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि मग चित्र इतकं बिघडतं की पाहणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

गर्भवती असाल तर दोन्ही गोष्टी बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच सांगा. शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच हर्पिस झाला तर बाळाला धोका मोठा असतो आणि कळा सुरू होताना जखमा असतील तर सिझेरियन करावं लागतं. चामखिळीसाठी सहसा सिझेरियन लागत नाही, मात्र पोडोफायलिन हे औषध गरोदरपणात चालत नाही.

कंडोमने दोन्हींचा धोका कमी होतो, पण कंडोम झाकत नाही त्या त्वचेवरूनही हे पसरतात. हर्पिसच्या मुंग्या सुरू झाल्यापासून खपली पडेपर्यंत संबंध टाळा.

चामखीळ आणि कॅन्सर

बायका हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला सुमारे ७० टक्के वेळा एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार कारण असतात. चामखिळीचे ६ आणि ११ हे वेगळे. चामखीळ वाढून कॅन्सर होतो असं समजू नका. मात्र ज्या वाटेने एक प्रकार आला त्या वाटेने दुसराही आलेला असू शकतो, म्हणून तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या, चामखीळ असो वा नसो. ही तपासणी किती मोलाची आहे हे आपल्याच धाराशिव जिल्ह्याने, तेव्हाच्या उस्मानाबादने, जगाला दाखवलं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या सहभागाने तिथल्या गावांतल्या १,३१,७४६ बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते, मुलींना आणि मुलांनाही चालते. शरीरसंबंध सुरू होण्याआधी, म्हणजे शाळेच्या वयात दिली तर सर्वांत उपयोगी. झालेली चामखीळ ती घालवत नाही. हर्पिस सिम्प्लेक्सवर अजून लस नाही.

कुठे जायचं

लोकलच्या डब्यात दरवाजाशेजारी चिकटवलेल्या "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" अशा पत्रकांवरच्या नंबरवर फोन करू नका. गुप्तरोग बरे करण्याच्या अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि हर्पिस "मुळापासून" काढणारं औषध आज कोणाकडेच नाही.

कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर या महापालिकेच्या रुग्णालयांत आधी चौकशी करा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि मुंबईतली जेजे, केईएम, सायन या ठिकाणी त्वचा व गुप्तरोग विभाग आहेत. सरकारी व्यवस्थेत लैंगिक आजारांसाठी "सुरक्षा क्लिनिक" चालतात, तिथे औषधं मोफत आणि रंगीत खोक्यांत मिळतात. हर्पिसचं खोकं लाल आहे. चामखिळीसाठी खोकं नाही, कारण ती तिथे डॉक्टरला हाताने काढावी लागते. एचआयव्हीच्या चाचणीचा निकाल तुमच्या संमतीशिवाय सहसा कोणाला सांगता येत नाही, तो कायदा २०१७ चा आहे. बोलायचंच असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

येताना त्या जागी काही लावून येऊ नका, हळद नको आणि पावडरही नको. गेल्या पंधरा दिवसांत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. आणि शेवटचा नंबर लावायचा असेल तर खुशाल लावा, फक्त सर्दीपासून सुरुवात करू नका.